कडेनं धरायचे फोटो

"मारलंय," मी म्हणालो. "पडून मोडलेलं नाही हे." उजेडाच्या पेटीवर फिल्म लावलेली होती आणि मी जाता जाता थांबलो होतो, एवढंच. आज खरं तर माझी सुट्टी. बुधवारी मी येत नाही. पण दुपारपाळीवाल्याचं पोट बिघडलं म्हणून बोलावणं आलं, आणि घरी बसून तरी मी कुठले दिवे लावणार होतो. एक्स-रे विभागात आमचा एक खेळ आहे. वाईट खेळ आहे, बाहेरच्या माणसाला सांगितला तर तो तोंडावर थुंकेल. फिल्म आली की नाव न बघता सांगायचं, हाड कशानं मोडलं. जिन्यावरून, मोटरसायकलवरून, दारूच्या नशेत गटारात. डार्करूम सांभाळणाऱ्या बाई या खेळातल्या माझ्या जोडीदार, आणि त्या सहसा हरतात. माणूस घसरला की हात पुढे टेकतो, मग मोडतं ते मनगट, अंगठ्याच्या बाजूला. हे मधोमध मोडलं होतं. करंगळीकडचं एकटंच हाड, खडू मोडावा तसं आडवं. असं हाड एकाच तऱ्हेनं मोडतं. समोरून काहीतरी येतं, काठी, पट्टा, खुर्चीचा पाय, आणि माणूस तोंड वाचवायला हात आडवा घालतो. शिवाय जरा वर, कोपराकडे, त्याच हाडावर एक गाठ होती. जुनं मोडलेलं, प्लास्टर न घालता आपलं आपण सांधलेलं. "आणि पहिल्यांदा नाही," मी म्हणालो. "हिला सवय आहे. कोण आहे हो ही?" बाई खेळल्या नाहीत. त्यांनी एप्रनला हात पुसले आणि म्हणाल्या, "तुम्ही आज येणार नव्हतात ना." तेव्हा मी कोपऱ्यातलं नाव वाचलं. आडनाव जावयाचं होतं. नाव मी ठेवलेलं.

बाईंनी मग सगळं सांगितलं, खाली बघत. ती सकाळी आली, एकटी. आधी दारातून डोकं आत घालून विचारलं, बाबा नाहीत ना आज? नाहीत म्हटल्यावर आत आली. बाथरूममध्ये घसरले म्हणाली. प्लास्टर घालून घेतलं, पाणी मागितलं, पाणी न पिताच गेली. बाईंना वाटलं होतं, ती नाव खोडायला सांगेल, पण तसं ती काही बोलली नाही. मी ऐकत होतो आणि फिल्मकडे बघत होतो. माझ्या मुलीचा हात मी इतका आतून कधी बघितला नव्हता. लहानपणी ती झाडावरून पडली तेव्हासुद्धा तिचा एक्स-रे मी दुसऱ्याला काढायला लावला होता, कारण माझे हात थरथरत होते, आणि तेव्हा काही मोडलंही नव्हतं. आता हात थरथरत नव्हते. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती मला पोटरीतून, गुडघ्यातून वर चढताना कळत होती. बाई म्हणाल्या, बसा जरा, पाणी घ्या. मी म्हणालो, बाई, तुम्ही तुमचं काम करा. हे जरा जोरात म्हणालो असेन, कारण बाहेरच्या बाकावरचे पेशंट उठून उभे राहिले.

पांढरा कोट अंगातच राहिला आणि मी तसाच रस्त्यावर आलो. बस समोरून गेली. बसमध्ये गप्प उभं राहण्याची ताकद माझ्यात नव्हती, मला पाय आपटत चालायचं होतं. एका दुकानाची काच पुसणाऱ्या माणसाचं पाणी माझ्या बाहीवर उडालं. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो शिडीवरून उतरून सॉरी म्हणाला. डोक्यात मी जावयाला मारत होतो. पद्धतशीर मारत होतो, कारण कुठलं हाड कुठे पातळ असतं हे मला शिकवावं लागत नाही. आधी गळपट्टीचं, ते बोटाएवढंच असतं. मग बरगड्या, डाव्या बाजूच्या, खालच्या. मग बोटं, एकेक. तापट मी आहेच, ते मी कधी लपवलेलं नाही. माझा बाप मला कमरेच्या पट्ट्यानं मारायचा आणि मी तेव्हाच ठरवलं होतं की आपण माणसावर हात उचलायचा नाही. नाही उचलला. बायकोवर नाही, मुलीवर नाही, एकदासुद्धा नाही. ताटं भिरकावली आहेत. दारं आपटली आहेत. एकदा रेडिओ खिडकीतून खाली गेला आणि नशीब, खाली कोणी नव्हतं. पण ती सगळी मेली वस्तूंची जात, वस्तूला काय लागतं? किती बापांना छातीवर हात ठेवून हे सांगता येईल? मला येतं. आणि अशा बापाच्या मुलीला कोणी दोनदा मोडावं? चौकात सिग्नल लाल होता तरी मी चालत राहिलो. एका गाडीवाल्यानं आईवरून शिवी दिली. मी त्याच्या बॉनेटवर मूठ मारली, आणि ती मला अजिबात लागली नाही.

मोडकी हाडं बघून बघून माणसाला पुढे माणूस दिसेनासा होतो. समोरची बाई भाजी निवडत असते आणि आपल्याला तिचं मनगट दिसतं, हे कधी जाईल, कसं जाईल. नोकरीला लागलो त्या दिवसांत मी रात्री जेवत नसे. तेव्हा एका रद्दीच्या ढिगात मला पहिला फोटो सापडला. जुन्या नाटकगृहातली कोणी नर्तकी, एका पायाच्या चवड्यावर उभी, दोन्ही हात वर गेलेले, आणि घोट्यापासून पोटरीवर तिरकी चढत गेलेली तिची सही. मी त्या घोट्याकडे कितीतरी वेळ बघत राहिलो. एवढ्या देहाचं ओझं एवढ्याशा हाडावर, आणि ते मोडलेलं नव्हतं. त्या रात्री मी पोटभर जेवलो. मग छंदच लागला. नर्तकींचे जुने फोटो, सहीचे, फक्त सहीचे. सही नसेल तर तो नुसता कागद. सही असली की त्या बाईचा हात या कागदावर टेकला होता एवढं तरी पक्कं. खोट्या सह्याही असतात, छापलेल्या. छापलेली सही कागदात बसलेली असते, शाईची वर उठलेली, तिरक्या उजेडात धरली की ती चकाकते. एक होती ती हिरव्या शाईशिवाय सही करत नसे. एक मुद्दाम काळोख्या भागावर करायची, कोणाला वाचता येऊ नये म्हणून. माझी बायको हसायची. म्हणायची, "या बऱ्या. उलट बोलत नाहीत, कायम हसतात, वर सही करून देतात. तुम्हाला अशीच हवी होती." ती जाऊन आता दोन वर्षं होतील. ती असती तर आज मला दारातच अडवलं असतं, आणि मी तिला बाजूला सारून गेलो असतो.

जावई मला या फोटोंतच मिळाला. जुन्या फोटोंचं दुकान चालवणारा एक म्हातारा होता, आम्ही सगळे त्याला मामा म्हणायचो. मामाच्या दुकानात शिरलं की आधी नळ, साबण, टॉवेल. हात धुतल्याशिवाय तो पेटी उघडत नसे. बोटांना तेल असतं. आज लागलेला ठसा आज दिसत नाही, कित्येक वर्षांनी तपकिरी होऊन वर येतो. म्हणून फोटो कडेनं धरायचा, दोन तळव्यांच्या मध्ये, चेहऱ्याला बोट लावायचं नाही. नवखा माणूस तिथेच उघडा पडतो. तर एक दिवस हा आला. उंच, सडपातळ, दातांचा डॉक्टर. नळाखाली हात धुतले ते बोटांच्या बेचक्यांतून, टॉवेलनं टिपले, घासले नाहीत, मग खिशातून स्वतःचे सुती हातमोजे काढले. आणि फोटो असा उचलला की मी मामाकडे बघितलं आणि मामानं माझ्याकडे. मामा नंतर म्हणाला, या हातांत मी माझी पेटी डोळे मिटून देईन. त्यानं पेटी दिली नाही. मी मुलगी दिली. घरी येऊन बायकोला सांगितलं, मुलगा सापडला. काय बघितलंत, ती म्हणाली. हात, मी म्हणालो, असा हलका हात आयुष्यात बघितला नाही, हा माणूस कोणावर हात टाकणं शक्यच नाही. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, घालतच राहिली. म्हणाली, "फोटो धरताना सगळ्यांचेच हात जपून असतात हो. त्याच्या अंगावर चहा सांडला तर तो काय करतो ते बघा." मी म्हणालो, तुला कशातलं काही कळत नाही. मुलगी म्हणाली, बाबा, तो फार गप्प असतो. मी म्हणालो, गप्प असतो म्हणजे विचारी असतो, मी एवढा बोलका आहे, तुम्हाला काय मोठं सुख लागलं? यावर मायलेकी हसल्या असाव्यात. आठवत नाही. बहुतेक नाही हसल्या.

आणि मग चार वर्षं रविवार. दर रविवारी मी त्यांच्याकडे. तो फोटो काढून ठेवायचा, मी भिंग न्यायचो, आम्ही दोघं टेबलावर वाकायचो आणि दुपार कशी जायची पत्ता लागायचा नाही. माझ्या आयुष्यात मला मित्र नव्हता. विभागातले लोक मला टरकून असतात, शेजारी जिन्यात थांबत नाहीत. हा ऐकून घ्यायचा. बाबा तुम्ही सांगा, बाबा ही शाई बघा. मी त्याला अहो-जाहो करायचो, जावई म्हणून नव्हे, मनापासून. रस्त्यानं चालता चालता मी आता ती गाठ मोजत होतो. जुनं हाड सांधून अशी गाठ यायला किती महिने लागतात, ते मला झोपेतही सांगता येईल. मागे मोजत गेलो आणि एका रविवारी येऊन थांबलो. त्या दिवशी तिनं चहा आणला तो एकेक कप. एक आणून ठेवला, मग परत जाऊन दुसरा. लांब बाह्यांचा झगा, भर उन्हाळ्यात. मी म्हणालो, "घरात ट्रे नाही का?" ती म्हणाली, हात मुरगळलाय जरा. मी, तीस वर्षं हाडं बघणारा मी, भिंगातून डोळा न काढता म्हणालो, मिठाच्या पाण्यानं शेक. आमच्यासमोर हिरव्या शाईवालीचा फोटो होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, माझा तर धंदाच दिव्याचा. मी भर रस्त्यात थांबलो आणि एका खांबाला लाथ मारली. एक बाई मुलाला घेऊन पलीकडे गेली. आता मला एकच गोष्ट हवी होती. पोरीला तिथून उचलायचं, माझ्या घरी आणायचं, तिच्या आईच्या खोलीत झोपवायचं आणि बाहेर मी बसायचं. बास. आणि त्याआधी त्याचे हात.

खाली त्याचा दवाखाना, बुधवारी दुपारनंतर बंद. वर घर. दार त्यानंच उघडलं. हातांत मोजे होते, सुती, पांढरेशुभ्र. "या या, बाबा. आज वाट चुकलात," तो म्हणाला आणि खरोखर खूश झाला, ते मला अजून विसरता येत नाही. "तुमची आठवणच काढत होतो. बघा तरी काय आलंय." टेबलावर मऊ कापड, त्यावर फोटो. वाकवता येईल असा लोखंडी दिवा त्यावर तिरका धरलेला. मी विचारलं, ती कुठाय. आत आहे, झोपलीय, सकाळी घसरली, हाताला लागलंय, मी लाख वेळा सांगितलं होतं की फरशी ओली असते, पण ऐकेल तर शपथ. हे सगळं तो फोटोकडे बघत बोलला. खोलीत कुठे काही सांडलेलं नव्हतं. जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या नीट आत सरकवलेल्या होत्या आणि एक खुर्ची कमी होती. फोटोत एक नर्तकी होती, उडी मारलेली, जमिनीपासून चांगली वर, डोकं मागे टाकलेलं. सही तिच्या पायांखालच्या मोकळ्या जागेत. मी वर्षानुवर्षं हिला शोधत होतो, हे त्याला ठाऊक होतं. माझ्यासाठीच घेतला असेल. मी हात पुढे केला आणि पूर्ण पंजानं तो उचलला, अंगठा तिच्या तोंडावर.

"बाबा, कडेनं," तो म्हणाला. अगदी मऊ आवाजात, पेशंटला तोंड उघडा म्हणतात तशा. "कडेनं धरा ना."

"कशानं मारलंस?" मी विचारलं. चार वर्षांत मी त्याला कधी एकेरीत बोललो नव्हतो. त्याला ते ऐकूच गेलं नसावं. त्याचे डोळे माझ्या अंगठ्यावर होते.

"आधी तो खाली ठेवा. मग बोलू आपण."

मी फाडला. जुना कागद जाड असतो, तो कापडासारखा फाटत नाही. आधी मोडतो, वरचा चकचकीत थर तडकतो, मग चरचर करत जातो. ती गळ्यापासून फाटली. तो किंचाळला. माणूस असा किंचाळतो ते मी आमच्या विभागात ऐकलंय, निखळलेला खांदा बसवताना. त्या किंचाळण्यात खरं दुःख होतं, आणि त्या खऱ्या दुःखानंच माझं डोकं फिरलं. भिंतीला लागून त्याची खणांची पेटी होती. मी वरचा खण ओढला आणि उलटा केला, आणि मूठमूठ फोटो घेऊन फाडत सुटलो, हिरवी शाई, काळी शाई, चवडे, माना, पसरलेले हात. त्यानं माझ्या मनगटाला हिसडा दिला, मी सोडलं नाही. मग त्यानं तो लोखंडी दिवा उचलून माझ्या कानावर हाणला. किती सहज हाणला. हलका हात, कसबी हात, जराही नेम चुकला नाही. कानात शिट्टी वाजायला लागली आणि मी हसलो, खरंच हसलो, कारण आता मला परवानगी मिळाली होती. मी त्याच्या तोंडावर मारलं. दातांच्या डॉक्टरचा दात माझ्या बोटांच्या सांध्यावर मोडला, दोघांचं रक्त एकत्र झालं, कोणाचं किती ते कळेना. टेबल कलंडलं. तो पडला तो फोटोंवर, आणि पडल्या पडल्याही त्यानं अंग एका बाजूला घेतलं, खालचे चुरगळू नयेत म्हणून. मी त्याच्या छातीवर गुडघा रोवला. त्याचा उजवा हात ओढून बुटक्या स्टुलाच्या कडेवर आडवा ठेवला, मनगट बाहेर, कोपर आत. मोज्याची बोटं लाल झाली होती आणि हलत होती. दिवा माझ्या हातात आला होता. करंगळीच्या बाजूनं, मधोमध, असं हाड एका घावात जातं. मला सुख होत होतं. खोटं कशाला बोलू, इतकं सुख मला मुलगी झाली तेव्हाही झालं नव्हतं. मी दिवा वर नेला.

"बाबा."

ती आतल्या दारात उभी होती. खांद्याला बॅग, पायांत बूट, डावा हात कोपरापासून बोटांपर्यंत पांढरा. "बाबा, सोडा त्याला." आणि ती पुढे आली. दोन पावलं आली असेल. मी गर्रकन वळलो आणि ओरडलो, तू मध्ये पडू नकोस. दिवा वरच होता, माझा हात वर होता, एवढंच. तिचा प्लास्टरचा हात तोंडासमोर आडवा गेला. डोळे मिटले. हनुवटी खांद्यात घुसली, एक गुडघा दुमडला, आणि ती दाराच्या चौकटीला चिकटून इतकीशी झाली. तिनं हे विचार करून केलं नाही. विचार करायला वेळच नव्हता. आणि त्याला चुकवायला तर ती हे करत नव्हती, तो माझ्या गुडघ्याखाली होता. ती मला चुकवत होती. हनुवटी खांद्यात घालायची ती तिची रीत मी ओळखली. ती चार वर्षांत शिकलेली नव्हती. स्वयंपाकघराच्या दारात, ताटं फुटत असताना, फ्रॉकमध्ये, ती अशीच उभी राहायची, आणि मला तेव्हा वाटायचं, पोरगी नाटकी आहे.

मी दिवा खाली ठेवला. जमिनीवर ठेवला, आवाज न करता. त्याच्या छातीवरून उठलो. तो कुशीवर वळला, रक्त थुंकला आणि गुडघ्यांवर बसून तुकडे गोळा करायला लागला, कडेनं, एकेक. आमच्याकडे त्यानं बघितलंही नाही. मी तिला म्हणालो, चल. आवाज शक्य तेवढा खाली आणून म्हणालो, चल बाळा, घरी जाऊ. तिनं डोळे उघडले, हात खाली घेतला, पण चौकट सोडली नाही. म्हणाली, मावशी येतेय टॅक्सी घेऊन, सकाळीच फोन केलाय. प्लास्टर घालून आल्यावर तिनं बॅग भरली होती. तो फोटोंत रमला की त्याला बाहेरचं काही कळत नाही, तेवढ्यात ती निघणार होती, मग दोघी पोलिसांकडे जाणार होत्या. ती हे अशा आवाजात सांगत होती की जसं काही मीच तक्रार लिहून घेणारा आहे. "आता त्याच्या तोंडावरचं रक्त आधी लिहून घेतील," ती म्हणाली. "माझा हात नंतर."

मी म्हणालो, मी सांगेन त्यांना, मी फिल्म दाखवेन, मी साक्ष देईन. खाली हॉर्न वाजला. मी म्हणालो, मावशीकडे कशाला, आपलं घर आहे, तुझ्या आईची खोली तशीच आहे.

"तुमच्याकडे नाही येत, बाबा."

का, मी विचारलं. तिनं एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आम्ही दोघंही तिच्यापासून सारख्याच अंतरावर होतो. म्हणाली, "तुमची किल्ली दारात फिरली की आई गॅस बारीक करायची. भाजीचा आवाज बंद व्हावा म्हणून. बूट कसे काढता ते ऐकायला. त्यावरून आम्हाला कळायचं, आज कसं असणार ते." मग म्हणाली, "इथे मी तेच करते."

"मी तुझ्यावर कधी हात उचलला?" मी विचारलं. मला हे विचारायलाच हवं होतं, माझ्याकडे दुसरं होतं काय. "खरं सांग. एकदा तरी?"

"नाही."

"मग?"

"कधी उचलाल ते माहीत नव्हतं ना."

ती जिना उतरायला लागली. मी मागून गेलो, बॅग तिच्या खांद्यावरून काढून घेतली, तिनं घेऊ दिली, एका हातानं किती ओढाताण करणार. खाली टॅक्सीत मावशी बसली होती, बायकोची धाकटी बहीण. तिनं माझ्या कोटावरचं रक्त बघितलं, माझ्या कानाकडे बघितलं आणि पलीकडच्या खिडकीकडे तोंड केलं. मुलगी आत बसली, प्लास्टरचा हात मांडीवर जपून घेतला. प्लास्टर नीट घातलेलं होतं, बोटं मोकळी, अंगठा मोकळा, मी वाकून बघितलं. नखांचा रंग चांगला होता. मी म्हणालो, सहा आठवड्यांनी परत फिल्म काढावी लागेल, हाड सरळ बसतंय ना ते बघायला, मी बाईंना सांगून ठेवतो, मी स्वतः त्या दिवशी खोलीत नसेन, हवं तर सुट्टी घेईन.

"दुसरीकडे काढेन, बाबा," ती म्हणाली, आणि चांगला हात बॅगसाठी पुढे केला. मी तिच्या हाताला हात लागू न देता बॅग दिली.